वकिलाच्या वहीतले उस्ताद : पंडित भातखंडे यांचे संगीतप्रवास

१/
भातसानगर ही शहापूर तालुक्यातील धरणाकाठची वसाहत. येथील एखाद्या विद्यार्थ्याला आज राग यमन ऐकावासा वाटला, तर खिशातील मोबाइल पुरेसा असतो. दहा गायकांचे दहा यमन क्षणात समोर येतात. रागाचा थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी हेही तेथेच लिहिलेले सापडते. सव्वाशे वर्षांपूर्वी हे शक्य नव्हते. एखादा राग कसा गातात हे जाणून घ्यायचे, तर तो गाणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहावे लागे. आणि दार उघडेलच याची खात्री नसे. अशी दारे आयुष्यभर ठोठावत राहिलेल्या एका मुंबईकर वकिलाची ही कथा आहे.

२/
विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. दिवस गोकुळाष्टमीचा होता. घराण्यात व्यावसायिक गायकी नव्हती. गाण्याची ओढ मात्र लहानपणापासून होती. विद्यार्थिदशेतच त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतारीचे शिक्षण सुरू केले. एकीकडे शाळा-कॉलेजचा अभ्यास आणि दुसरीकडे सतार, असा दुहेरी क्रम त्यांनी चालू ठेवला. पुढे पदवी आली, वकिली आली, संसार आला. पण गाण्याची ओढ कमी झाली नाही. छंद म्हणून लागलेली ही गोडी पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकली.

३/
त्या काळी सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांत गाणे ऐकणे एक वेळ चालत असे. गाणे शिकणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. कला दरबारी उस्तादांकडे आणि तवायफांच्या कोठ्यांवर नांदत होती. ‘चांगल्या घरातील’ मुलाने तेथे जाणे लोकांना रुचत नव्हते. या अडचणीवर मुंबईच्या पारशी मंडळींनी एक मार्ग काढला. कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये ‘गायन उत्तेजक मंडळी’ स्थापन झाली. सभासदांनी वर्गणी भरावी, गवयांना बोलवावे, नीट बसून ऐकावे आणि शिकावे, अशी ती व्यवस्था होती. १८८४ मध्ये भातखंडे या मंडळीचे सभासद झाले.

४/
येथे त्यांना पहिल्यांदा मोठ्या कलावंतांचा सहवास लाभला. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदे मिळाली. अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल मिळाले. शेकडो चिजा त्यांनी कंठस्थ केल्या. १८८५ मध्ये बी. ए. आणि १८८७ मध्ये एल्एल. बी. झाल्यावर काही काळ कराचीत व नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. दिवसा पक्षकारांची कागदपत्रे आणि संध्याकाळी मंडळीतील गाणे, असे दिवस जात होते. याच काळात त्यांच्या मनात असे प्रश्न उभे राहिले, ज्यांची उत्तरे मुंबईत बसून मिळण्याजोगी नव्हती.

५/
प्रश्न साधे होते. एकच राग दोन गवई वेगळ्या पद्धतीने गातात, मग खरा कोणता? रागात अमुक स्वर कोमल का? रागांचे वर्गीकरण कोणत्या तत्त्वावर होते? गवयांना विचारले, तर ‘आमच्या खानदानात असेच गातात’ एवढे उत्तर मिळे. ग्रंथांकडे वळावे, तर वेगळीच अडचण होती. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. महाराष्ट्राच्या भूमीवरचा हा थोर ग्रंथ. पण त्यातील राग आणि प्रत्यक्ष मैफलीत गायले जाणारे राग यांचा मेळ कोणाला घालता येत नव्हता. ग्रंथ एका बाजूला आणि गाणे दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती होती.

६/
गवई मोकळेपणाने का सांगत नव्हते, हे समजून घेतले पाहिजे. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले आणि १८५७ नंतर दिल्लीचा दरबार संपला. तेथील कलावंत ग्वाल्हेर, रामपूर, जयपूर, बडोदे अशा संस्थानांच्या आश्रयाला गेले. जमीन नाही, कायमचे वेतन नाही. आश्रयदात्याची मर्जी फिरली की बिऱ्हाड हलवावे लागे. अशा माणसाजवळ एकच मिळकत असे, ती म्हणजे घराण्याच्या बंदिशी. दुर्मीळ राग आणि अनवट चीज हेच त्याचे भांडवल. ते पहिल्याच भेटीत परक्या माणसाला देऊन टाकणे म्हणजे मुलांच्या ताटातील अन्न देण्यासारखे होते.

७/
हे भांडवल मिळवण्याचा रूढ मार्ग एकच होता : शिष्य होऊन वर्षानुवर्षे सेवा करणे. भातखंड्यांचे समकालीन भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी तोच मार्ग पत्करला. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन थोर गायकांची तालीम त्यांनी एकामागून एक घेतली. तीन परंपरा एका गळ्यात आल्या, त्या अपार कष्टांतून. भातखंडे मैफलीचे गवई होऊ पाहत नव्हते. त्यांना एका घराण्याची गायकी नको होती. साऱ्या देशाचे संगीत कसे चालते हे समजून घ्यायचे होते. त्यासाठी त्यांनी वकिलाला साजेसा मार्ग निवडला : प्रवास करायचा, साक्षी घ्यायच्या, उत्तरे लिहून ठेवायची.

८/
१८९६ च्या सुमारास गुजरात-काठेवाडच्या दौऱ्याने याची सुरुवात झाली. त्यानंतर घरावर आघात झाले. १९०० मध्ये पत्नीचे निधन झाले. १९०३ मध्ये मुलगीही गेली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हा माणूस घरात एकटा उरला. पुढे यथावकाश त्यांनी वकिलीही सोडली. शोक विसरण्यासाठी ते संगीतात बुडाले, असे म्हणणे सोपे आहे. मात्र संगीत तर आधीपासूनच सोबतीला होते. घडले ते इतकेच की, आता त्यांना घरी परतण्याची घाई उरली नाही. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, ते दक्षिणेच्या मोठ्या प्रवासाला निघाले.

९/
या प्रवासात त्यांच्याजवळ एक प्रश्नावली होती. श्रुती किती आणि त्या प्रत्यक्ष कशा दाखवता येतात? ग्राम-मूर्च्छना म्हणजे नेमके काय? ‘रत्नाकर’ कोणाला लागला आहे का? गावोगावच्या पंडितांना आणि गायक-वादकांना भेटावे, हे प्रश्न विचारावेत, गाणे ऐकावे आणि मुक्कामी परतल्यावर सारे दैनंदिनीत उतरवावे, असा क्रम होता. मद्रास, तंजावर, मदुरा अशी स्थळे त्यांनी पाहिली. तंजावरच्या सरस्वती महालातील हस्तलिखितांचा साठा हे मराठी अभ्यासकाला विशेष आपलेसे वाटणारे स्थान. भोसले राजांनी तो जोपासला होता.

१०/
या प्रवासातील सर्वांत फलदायी भेट एट्टयपुरम येथे झाली. सुब्बराम दीक्षितर हे मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या कुळातील वृद्ध विद्वान. त्यांचे वय पासष्टीच्या घरात, तर भातखंडे चव्वेचाळीस वर्षांचे. विशेष म्हणजे त्याच १९०४ मध्ये दीक्षितरांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. घराण्यात जपलेल्या रचना त्यांनी स्वरलिपीसह जगापुढे ठेवल्या होत्या. त्यासाठी मद्रासच्या चिन्नस्वामी मुदलियार या दुसऱ्या एका संगीतवेड्या गृहस्थाने त्यांचे मन वळवले होते. म्हणजे भातखंडे ज्या दाराशी पोहोचले, ते एका रसिकाने आधीच थोडे उघडून ठेवले होते.

११/
दक्षिणेतून परतताना त्यांनी दोन महत्त्वाचे ग्रंथ हस्तलिखित रूपात मिळवले : व्यंकटमखीचा ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ आणि रामामात्याचा ‘स्वरमेलकलानिधि’. व्यंकटमखीने सतराव्या शतकात बारा स्वरस्थानांवरून ७२ मेलांची रचना गणिताने मांडली होती. कोणताही राग स्वरांच्या आधारे एका मेलात बसवता येतो, ही ती कल्पना. उत्तरेत मात्र सहा राग, त्यांच्या रागिणी आणि पुत्र असे कौटुंबिक वर्गीकरण चालत आले होते. ते काव्य म्हणून सुंदर होते. पण एखादी रागिणी अमुक रागाची पत्नी का, याला स्वरांच्या भाषेत उत्तर नव्हते.

१२/
या प्रवासात निराशाही पदरी आली. ‘रत्नाकर’ पूर्णपणे उलगडून दाखवील असा माणूस त्यांना भेटला नाही. कोणी ग्रंथ जाणत असे, पण गाणे नाही. कोणी अप्रतिम गात असे, पण ग्रंथ पाहिलेला नसे. येथून एक विचार त्यांच्या मनात पक्का होत गेला. जुन्या ग्रंथाला प्रमाण मानून आजच्या गवयाला चूक ठरवण्यात अर्थ नाही. आज जे गायले जाते ते ‘लक्ष्य’. शास्त्राने आपले ‘लक्षण’ त्यावरून ठरवावे. हा विचार मान्य केल्यावर कलावंतांच्या भेटी हीच शास्त्राची सामग्री ठरली. म्हणून दक्षिणेनंतर उत्तरेचा प्रवास अपरिहार्य झाला.

१३/
१९०७ मध्ये ते नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयनगरम, हैदराबाद या मार्गाने फिरले. त्या काळी मुंबईहून नागपूरला जाण्याची मुख्य वाट म्हणजे कल्याणहून आसनगाव, कसारा करीत थळ घाट चढणारा लोहमार्ग. हा घाट १८६५ मध्ये रेल्वेला खुला झाला होता. आजच्या शहापूर तालुक्याची जंगले आणि भातखाचरे गाडीच्या खिडकीतून मागे पडत. रेल्वेमुळेच एका माणसाला इतक्या दूरदूरच्या कलावंतांना भेटणे शक्य झाले. त्याआधीच्या पिढीत गुरूच्या शोधात निघालेल्या शिष्याचे महिनेच्या महिने केवळ वाटचालीत जात.

१४/
कलकत्त्यात त्यांनी राजा सौरींद्रमोहन टागोर यांची भेट घेतली. टागोर हे संगीतावरील अनेक ग्रंथांचे कर्ते आणि युरोपपर्यंत नाव पोहोचलेले विद्वान. तेथेही भातखंडे आदर बाळगून गेले, पण प्रश्न सोडून गेले नाहीत. ज्याच्याविषयी आदर आहे त्यालाच ‘याला आधार काय?’ असे विचारणे सोपे नसते. भक्त बहुधा नमस्कार करून परततो. समीक्षक बहुधा नमस्कारच करत नाही. भातखंडे दोन्ही करीत. ही सवय पुढे त्यांच्या ग्रंथांची ताकद झाली आणि अनेकांच्या नाराजीचे कारणही झाली.

१५/
१९०८-०९ मध्ये अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, मथुरा, दिल्ली, जयपूर, उदयपूर असा उत्तरेचा प्रवास झाला. उदयपूरचे झाकिरुद्दीन खाँ हे त्या काळचे नामांकित धृपदिये. त्यांच्याशी भातखंड्यांचा स्नेह जुळला. जयपूरच्या मनरंग परंपरेतील मोहम्मद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशक अली व अहमद अली यांच्याकडून सुमारे ३०० ख्याल त्यांना मिळाले. तीनशे ख्याल म्हणजे पिढ्यान् पिढ्या जपलेला एक संपूर्ण खजिना. तो एका वकिलाच्या वहीत उतरला, ही त्या काळात असामान्य घटना होती.

१६/
याच दशकात दुसरे एक यंत्र कलावंतांच्या दाराशी आले होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रित केले. तबकडीवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तबकडीने आवाज जपला, पण विस्तार कापला. वहीने शब्द, राग, ताल आणि स्वरांचा सांगाडा जपला, पण आवाज जपला नाही. दोन्ही साधनांनी एक गोष्ट मात्र समान केली : गाणे गाणाऱ्यापासून वेगळे होऊन दूरवर जाऊ शकते, हे सिद्ध केले. याचा अर्थ काही उस्तादांना लगेच कळला, म्हणून ते सावध झाले.

१७/
ज्या दाराशी प्रश्नावली चालली नाही, तेथे भातखंड्यांनी जुनी रीत पाळली. रामपूरचे नवाब हमिद अली खाँ स्वतः संगीताचे जाणकार होते आणि त्यांच्या दरबारात तानसेनाच्या परंपरेतील बीनकार वझीर खाँ होते. हेच वझीर खाँ पुढे अल्लाउद्दीन खाँ यांचे गुरू म्हणून जगाला माहीत झाले. रामपूरचे धृपदभांडार बाहेरच्या माणसासाठी नव्हते. ते मिळावे म्हणून भातखंड्यांनी गंडा बांधून तेथील शिष्यत्व स्वीकारले. ग्रंथकार म्हणून नाव झालेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस शिष्य म्हणून हात पुढे करतो, हे चित्र त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू दाखवते.

१८/
या साऱ्या भेटींचे फळ ग्रंथरूपाने आले. १९१० च्या आसपास ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. नावातच ‘लक्ष्य’ आहे, हे ध्यानात घ्यावे. त्याच सुमारास ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ या मराठी ग्रंथाचा पहिला भाग आला. चौथा भाग १९३२ मध्ये पूर्ण झाला. हा ग्रंथ गुरुशिष्य-संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, पुन्हा शंका निघते. हिंदुस्थानी संगीताच्या शास्त्राचे आधुनिक युगातील एक पायाभूत लेखन मराठीत झाले आहे, याची जाणीव मराठी वाचकाने ठेवावी.

१९/
रागांच्या वर्गीकरणासाठी त्यांनी दक्षिणेतील मेलकल्पना उत्तरेला बेतली आणि दहा थाट मानले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. स्वरलेखनही सुटसुटीत केले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति क्रमिक पुस्तकमालिका’ या सहा भागांत सुमारे अठराशे रचना या लिपीत छापल्या गेल्या. आजही संगीताच्या परीक्षेला बसणारा विद्यार्थी ‘क्रमिक’ म्हणून जी पुस्तके उघडतो, ती हीच.

२०/
यापुढे एकेका दाराशी जाण्याऐवजी सारे कलावंत एका मंडपात आणावेत, असा विचार पुढे आला. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मार्च १९१६ मध्ये बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली. उस्ताद, पंडित, संस्थानिक आणि अभ्यासक एकत्र बसले. वादही झाले. सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स बावीस श्रुतींची गणिती मांडणी घेऊन आले होते. भातखंड्यांचा कल बारा स्वरांच्या व्यवहाराकडे होता. पुढे दिल्ली, काशी आणि लखनौ येथेही परिषदा भरल्या. खासगी बैठकींतील प्रश्न आता सर्वांसमक्ष विचारले जाऊ लागले.

२१/
परिषदांपाठोपाठ शाळा आल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज स्थापन झाले. तेच आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होतेच. या प्रयत्नांमुळे एक मोठा बदल झाला. फी भरून, वर्गात बसून, पुस्तक उघडून कोणाचेही मूल संगीत शिकू शकेल, हे शक्य झाले. जे भातखंड्यांना तरुणपणी दाराबाहेर उभे राहून मागावे लागले, ते पुढच्या पिढीला छापील पानावर मिळाले.

२२/
या यशाचा हिशेब मात्र पूर्ण मांडला पाहिजे. भातखंड्यांच्या लेखनात अशिक्षित उस्तादांविषयी कठोर, कधी उपहासाचे शब्द येतात. कलावंताजवळ विद्या आहे, पण तिचे शास्त्र त्याला सांगता येत नाही, अशी त्यांची तक्रार असे. इतिहासकार जानकी बखले यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या दृष्टीची चिकित्सा केली आहे. ज्यांच्या घरून बंदिशी आल्या ते बहुतांश मुसलमान खानदानी कलावंत होते; पुढे उभ्या राहिलेल्या अभ्यासक्रमांची सूत्रे मात्र प्रामुख्याने सुशिक्षित हिंदू मध्यमवर्गाच्या हाती गेली. हा बदल एका माणसाने घडवला नाही. पण त्यात त्याच्या वहीचा वाटा होता.

२३/
‘क्रमिक’ उघडणाऱ्या विद्यार्थ्याला राग, ताल, शब्द आणि स्वर दिसतात. ते ज्या गळ्यातून उतरले, तो गळा तेथे दिसत नाही. भातसानगरच्या परिसरात ही गोष्ट समजायला अवघड नाही. येथील पाणी नळांतून मुंबईच्या लाखो घरांत पोहोचते; ते पिणाऱ्याला धरणाखाली गेलेली शेते आठवत नाहीत. पाणी शहराला मिळू नये, असे कोणी म्हणणार नाही. तसेच बंदिशी बंद पेटीत राहिल्या असत्या, तर त्यांतील कित्येक कायमच्या नष्ट झाल्या असत्या. तरीही ज्याचे गेले त्याचे नाव विसरणे हा वेगळा दोष आहे.

२४/
वहीची मर्यादा स्वतः भातखंड्यांना ठाऊक होती, याचा पुरावा त्यांच्या शिष्याच्या शिक्षणात मिळतो. श्रीकृष्ण रातंजनकर हे त्यांचे सर्वांत निकटचे शिष्य. शास्त्र, स्वरलेखन, शेकडो चिजा हे सारे त्यांना भातखंड्यांकडून मिळाले होते. तरीही गायकीसाठी रातंजनकर बडोद्याला गेले आणि आग्रा घराण्याचे फैयाज खाँ यांच्यापुढे बसले. पुस्तक पुरेसे असते, तर याची गरज नव्हती. स्वरांमधली मींड, बोल सोडण्याची तऱ्हा, समेवर येण्याचा डौल या गोष्टी कागदावरील बिंदू-रेघांत मावत नाहीत. तेच रातंजनकर पुढे लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य झाले आणि त्यांनी अनेक कलावंत घडवले.

२५/
आणखी एक मर्यादा शहापूर-मुरबाडच्या बाजूने पाहिल्यावर दिसते. आसनगाव-कसाऱ्याच्या लोहमार्गाला लागून ठाकर, कातकरी, वारली यांची वस्ती होती. त्यांच्या सणांत, लग्नांत, पेरणी-कापणीत गाणे होते. वारल्यांचा तारपा होता, ढोल होता. पण त्या काळच्या अभ्यासकांच्या लेखी ‘संगीत’ म्हणजे दरबार, घराणे आणि ग्रंथ. प्रश्नावली घेऊन निघालेल्या माणसाला येथे उतरावेसे वाटले नाही. हा एकट्या भातखंड्यांचा दोष नव्हे. ती त्या पिढीची नजर होती. मात्र कोणाकडे जायचे हे ठरवतानाच कोणाला वगळायचे हेही ठरत असते, एवढे यातून लक्षात येते.

२६/
अखेरची काही वर्षे भातखंडे पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘क्रमिक’चा शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाला. त्यांनी मैफली गाजवल्या नाहीत. गाण्यावर प्रेम करणारा माणूस, त्याचे प्रश्न आणि त्याला भेटलेले कलावंत, एवढ्या सामग्रीतून त्यांनी एका देशाच्या संगीताचा अभ्यासक्रम उभा केला. थाटांच्या मांडणीवर आजही आक्षेप घेतले जातात. पण आक्षेप घेणाऱ्याला सुरुवात त्यांच्याच ग्रंथापासून करावी लागते.

२७/
आज भातसानगरच्या विद्यार्थ्याच्या हाती जो मोबाइल आहे, त्यात दैनंदिनी, स्वरलिपी आणि ग्रामोफोन ही तिन्ही साधने एकत्र आली आहेत. शेजारच्या पाड्यावर लग्नातील गाणी जाणणारी एखादी वृद्ध धवलेरी असेल, तारपा वाजवणारा कोणी असेल, गावच्या भजनी मंडळात जुन्या चाली जपणारे बुवा असतील. त्यांच्याकडे जायला घाट ओलांडावा लागत नाही. जाताना भातखंड्यांचे प्रश्न सोबत न्यावेत, रामपुरातील त्यांची नम्रताही न्यावी. गाणे घ्यायचे, तर परवानगी घ्यावी. ते कोठेही ठेवले, तरी ज्याच्याकडून मिळाले त्याचे नाव त्याच्याजवळ लिहून ठेवावे.